दीड बोट सैल

मेस्त्रींच्या गॅरेजात गाडी नेली की पहिली काही मिनिटं ते गाडीकडे बघतच नसत. गाडीच्या मालकाकडे बघत. तेही तोंडाकडे नव्हे, हातांकडे. "बन्नी, या सार, बसा, चहा घ्या," म्हणायचे आणि आपण कप कसा धरतो, खुर्ची कशी ओढतो हे न्याहाळत राहायचे. मग निदान व्हायचं. "तुम्ही स्टिअरिंग गळा धरल्यासारखं धरता. आधी हात ढिला करा, मग मी गाडी बघतो."

माझं निदान सात मिनिटांत झालं. मी घड्याळ बघितलं होतं, म्हणून सांगतो.

लष्कर मोहल्ल्यातल्या एका गल्लीत त्यांचं दहा फूट बाय बावीस फुटांचं गॅरेज होतं. पाटीवर कन्नडमध्ये एकच शब्द होता, स्टिअरिंग. दुसरं काम ते घेत नसत. क्लच नाही, ब्रेक नाही, इंजिन तर नाहीच नाही. माझ्यासमोर एकदा एका टॅक्सीवाल्यानं विचारलं, "मेस्त्री, खाली गेलाच आहात तर ब्रेकही बघा की." मेस्त्री गाडीखालूनच म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरला दाढ दाखवता का?"

ते म्हैसूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. पूर्वज महाराजांच्या फौजेत घोड्यावर होते. "तेव्हाचं स्टिअरिंग म्हणजे लगाम. धंदा बदलला नाही, सामान बदललं," असं ते सांगत. घरात मराठीच, पण प्रत्येक वाक्याला कन्नडची फोडणी. मी सांगलीकडचा, नोकरीनिमित्त इकडे आलेला. पहिल्या भेटीत त्यांचं बोलणं मला निम्मं कळलं, दुसऱ्या भेटीत पाऊण. माझं मराठी त्यांना बातम्यांसारखं वाटे. "तुम्ही बोलला की हवामान सांगताय म्हणून वाटतं सार," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

मी एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, म्हणजे दिवसभर मोजमाप. संध्याकाळी घरी आलो तरी सवय सुटत नाही. अशा माणसानं जुनी, तिसऱ्या मालकाची जीप विकत घेणं शहाणपणाचं नव्हतं, पण घेतली. तिचं स्टिअरिंग हलवलं की चाकांपर्यंत बातमी पोचायला वेळ लागे. एका गॅरेजवाल्यानं स्टिअरिंगचं चाक काढून पुन्हा सरळ बसवून दिलं. दुसऱ्यानं स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळला. पुढच्याच रविवारी हुणसूर रस्त्यावर, येलवालच्या पुढे, एका वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग सरळ होता होता अडकलं. शेजारी बायको, मागे मुलगी, समोरून उसाचा ट्रॅक्टर. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा सुटलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "ही जीप तरी ठेवा, नाही तर मला तरी." मला दोघी हव्या होत्या. म्हणून मेस्त्रींचा पत्ता काढला.

मेस्त्रींनी मला जीपमध्ये बसवलं. "चाकं सरळ आहेत आता. इथनं डावीकडं पूर्ण फिरवा, किती फेरे होतात बघा. मग सरळवर या आणि उजवीकडं. मोजता येतं का?"

हे त्यांनी मला विचारलं! मी मोजून सांगितलं, "डावीकडे पावणेदोन, उजवीकडे सव्वा."

"म्हणजे?"

"अर्ध्या फेऱ्याचा फरक."

"आय्तु, झालं, रोग सापडला," ते म्हणाले. "एकानं वरचं चाक काढून सरळ बसवलं. दिसायला सरळ, आतला बॉक्स बाजूलाच. घड्याळाचा काटा हातानं फिरवला तर सूर्य हलत नाही सार. आता ऐका. बॉक्समधले दाते मध्यावर घट्ट असतात, दोन्ही बाजूंना सैल. मुद्दामच तसं केलेलं असतं. तुमची गाडी सरळ जाताना बॉक्स सैल जागी. दुसऱ्यानं सैल बघून स्क्रू आवळला. मग वळून येताना खरा मध्य लागला की तिथं डबल घट्ट. अडकणार नाही तर काय करणार पाप?"

'पाप' म्हणजे कन्नडमध्ये 'बिचारं'. गाडीला ते नेहमी बिचारं म्हणत, मालकाला कधीच नाही.

त्यांनी बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा सोडवला. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, बरोबर तीन फेरे, आणि दीड फेरा मागे आणून तिथे खडूची खूण केली. "ही गाडीची बेंबी. इथंच आवळायचं, दुसरीकडं आवळलं तर पोट दुखणार." वरचा स्क्रू आधी पूर्ण सैल केला. मग एका हातानं पेचकस केसभर फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीनं स्टिअरिंग मध्यावरून इकडेतिकडे न्यायचं. केसभर, करंगळी. केसभर, करंगळी. एका क्षणी म्हणाले, "हां, आता तूप लागलं," आणि स्क्रू तसाच धरून, तो हलू नये म्हणून त्यावरचा चेकनट आवळला. चाकं सरळ करून दांड्याची लांबी जुळवली, तो जोडला आणि सगळ्यात शेवटी वरचं चाक सरळ बसवलं. दोन तास चाळीस मिनिटं लागली. जीप लोण्यासारखी वळू लागली. डावीकडे दीड, उजवीकडे दीड.

"थोडा प्ले ठेवलाय," ते म्हणाले. "दीड बोट. ज्यात काहीच सैल नाही ते मोडतं."

दीड बोट हे माप मला रात्रभर टोचत राहिलं. सकाळी फूटपट्टी लावली. चाकं न हलता स्टिअरिंगची कड सत्तावीस मिलिमीटर हलत होती. कमी असलेलं बरं, असा विचार करून मी स्वतःच पाना आणला आणि स्क्रूला अष्टमांश फेरा दिला. एकोणीस मिलिमीटर. आनंद वाटला. आठवड्यानं त्या गल्लीतून जाताना मेस्त्रींना नमस्कार करायला थांबलो, तर त्यांनी बाहेरूनच हात घालून स्टिअरिंग जरा हलवलं.

"कुणी हात लावला?"

"कोणी नाही."

"मोजणाऱ्या माणसानं खोटं बोललेलं बरं दिसत नाही सार."

त्यांनी स्क्रू परत होता तिथे आणला. मी खिशातली पट्टी काढून मोजलं. सत्तावीस. मग हट्टानं त्यांची बोटं मोजली, एक अख्खं आणि दुसऱ्याचं निम्मं. तीही सत्तावीस. "दिसलं?" मेस्त्री म्हणाले. "बोट आधी आलं. मिलिमीटर मागनं." त्या दिवसापासून माझं तिथलं जाणंयेणं कामापुरतं राहिलं नाही. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मी हटकून तिथे असे.

आयुधपूजेच्या दिवशी मात्र ते गॅरेजात सापडत नसत. त्या दिवशी म्हैसुरात सायकलपासून बसपर्यंत प्रत्येक वाहनाची पूजा होते आणि चाकांखाली लिंबं ठेवून गाडी त्यांवरून नेतात. मेस्त्री हात मागे बांधून मोहल्लाभर चिरडलेली लिंबं बघत हिंडायचे. "हे बघा, हे चिरडलं नाही, घासलंय. ह्याचं पुढचं डावं चाक तिरकं आहे." मग त्या घराची कडी वाजवायची. सणाच्या दिवशी दारात कोणी येऊन तुमची गाडी तिरकी आहे म्हणून सांगितलं तर माणूस काय म्हणेल? काही जण रागवायचे, काही जण पेढा द्यायचे. एका वर्षी मी त्यांच्याबरोबर हिंडलो आणि नोंद ठेवली. त्यांनी सांगितलेल्या चौदा गाड्या पुढे मशीनवर तपासल्या गेल्या, त्यांतल्या अकरा खरंच तिरक्या निघाल्या. उरलेल्या तिन्हींचं काय, असं विचारलं. "त्यांची लिंबं जास्त पिकली होती," मेस्त्री म्हणाले.

आता मुख्य गोष्ट. हा माणूस गाडी चालवत नसे.

काम झालं की मालकाला चालवायला सांगून ते शेजारी बसत, डोळे मिटून, एक हात डॅशबोर्डवर सपाट ठेवून. सगळं त्या तळहाताला कळत असे. पण स्वतः कधी स्टिअरिंगमागे बसले नाहीत. लायसन नव्हतं. घर ते गॅरेज हे दीड किलोमीटर रोज चालत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आत काय काय असतं ते मला ठाऊक आहे सार. एक छोटी पिन, तिच्यावर सगळा संसार. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तुम्ही चालवता."

हेच वाक्य त्यांनी कधीतरी घरी पाहुण्यांसमोर टाकलं होतं, आणि ते त्यांच्या बायकोनं ऐकलं होतं. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे. मीही म्हणू लागलो. नवऱ्याला त्या 'अहो'ऐवजी कन्नडमधलं 'री' लावत. अक्कांनी तेव्हा विचारलं होतं, "लोकांची पोरंबाळं बसवता आणि स्वतः भिता का री?" आणि जाहीर केलं होतं की तुम्ही चालवाल त्याच गाडीत मी बसेन, दुसऱ्या कुठल्या नाही. तेव्हापासून त्या बसनं जात, नाही तर चालत. रिक्षासुद्धा नाही. म्हैसूरची निम्मी वाहनं नवऱ्याच्या हातून गेलेली, त्यामुळे कुठल्याही गाडीत बसायची वेळ आली की त्या हेच ऐकवत.

हा संसार असा चौतीस वर्षं चालला आणि मग अक्कांचे गुडघे गेले. बसची पायरी चढवेना. त्यांची थोरली बहीण तलकाडला राहत होती, एकटीच. दर वर्षी अक्का आठ दिवस तिच्याकडे जात. त्या वर्षी निरोप आला की बहीण तिथलं घर बंद करून कायमची मुलाकडे दिल्लीला चालली आहे. दोन महिने हातात होते. दिल्लीला गेलेली ऐंशीची बहीण परत भेटेल असं कोणी धरत नव्हतं.

"माझ्या जीपनं जाऊ या," मी म्हणालो.

"तुम्ही चांगले आहात सार," अक्का म्हणाल्या, "पण माझा शब्द आहे की." आणि दुपारच्या डब्याचं झाकण लावताना नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुणाला मला न्यायचं असेल तर बघू देत."

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "शिकवता का सार?" त्यांचं वय तेव्हा एकसष्ट.

शिकाऊ लायसन मिळालं. सकाळी सहा ते सात, एका मोकळ्या मैदानावर आमचं शिक्षण सुरू झालं. असा विद्यार्थी कोणाला न मिळो. गिअर पहिल्याच दिवशी समजले, क्लच तिसऱ्या दिवशी. पण नजर सतत स्टिअरिंगवर.

"मेस्त्री, रस्त्याकडे बघा!"

"रस्ता कुठं जातो? तो तिथंच आहे. हे हलतंय."

दर शंभर मीटरला जीप थांबायची. "स्वल्प थांबा, काहीतरी वाजलं." उतरायचे, खाली वाकायचे, हात लावून यायचे. मी हिशेब ठेवला. पहिल्या सकाळी सव्वीस वेळा उतरले, दहाव्या सकाळी नऊ वेळा, एकविसाव्या सकाळी एकदाच. आणि स्टिअरिंग कसं धरत? गळा धरल्यासारखं. मी तसं म्हणून दाखवलं. "दुसऱ्याला सांगायला सोपं असतं, अल्वा, खरं की नाही?" ते म्हणाले आणि हसलेच नाहीत.

परीक्षेच्या दिवशी अक्काही आल्या, माझ्या बायकोबरोबर, चालत, दर दहा मिनिटांनी बसत. परीक्षेला एका ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती. मैदानावर इंग्रजी आठचा आकडा आखलेला, त्यावरून गाडी न थांबता न्यायची. मेस्त्रींनी सुरुवात छान केली. पहिलं वळण झालं. मध्यावर आले आणि गाडी थांबली. दार उघडलं. मेस्त्री उतरले आणि सरळ गाडीखाली शिरले.

इन्स्पेक्टर धावत आले. "काय झालं? बंद पडली?"

खालून आवाज आला, "बंद नाही सार. टाय रॉडचा जॉइंट सैल आहे. एकोणीसचा पाना मिळेल का कुणाकडे?"

रांगेतली पोरं हसून लोळायची बाकी राहिली. इन्स्पेक्टरनी कागदावर लाल रेघ मारली. आठ अर्धाच झाला होता, म्हणजे शून्य. बहीण जायला सोळा दिवस उरले होते.

परतताना मेस्त्री पुढे चालत होते, अक्का आणि आम्ही मागे. एका कट्ट्यावर अक्का बसल्या, तेव्हा ते मागे वळून आले.

"जॉइंट खरंच गेला होता?" अक्कांनी विचारलं.

"सैल होता."

"किती?"

मेस्त्री माझ्याकडे बघायला लागले. जसं काही माप मीच सांगणार होतो.

"सारांकडं काय बघता? किती सैल होता री?"

"थोडा," मेस्त्री म्हणाले. मग म्हणाले, "चालला असता."

"मग उतरला का?"

"भीती वाटली."

मी आणि माझ्या बायकोनं दुसरीकडे बघायला सुरुवात केली. समोर नारळपाण्याची गाडी होती, तिच्यावर बावीस नारळ होते. अक्का पदरानं गुडघा चोळत होत्या. मला वाटलं आता चौतीस वर्षांचं सगळं बाहेर येणार. पण त्या म्हणाल्या, "एवढंच ना? मलाही वाटते. नाही तर कशाला बसमधनं हाडं मोडून घेतली असती मी?"

"तू शब्द म्हणून..."

"शब्द! गाडीत बसलं की दाराची कडी सुटत नाही माझ्या हातनं, लग्नाआधीपासनं. बसमध्ये चाळीस माणसं असतात, बरं वाटतं. तुमचं ते वाक्य मिळालं, भीतीला बरं निमित्त झालं." त्या उठल्या. "आता आपण दोघं भितो ते दोघांना कळलं. पुढची तारीख कधीची आहे विचारून या जावा."

पुढची तारीख दहा दिवसांनंतर होती. मधल्या दिवसांत मेस्त्री मैदानावर एकदाही खाली उतरले नाहीत. काही वाजलं तर फक्त म्हणत, "वाजू दे." परीक्षेला या वेळी आम्ही माझी जीप नेली. त्यांनी आठ पूर्ण केला, सावकाश, एका मिनिटाला चार सेकंद कमी. इन्स्पेक्टरनी विचारलं, "आज पाना नको?" मेस्त्री म्हणाले, "आज हात मोकळे नव्हते सार."

लायसन हातात यायला आणखी चार दिवस गेले. बहीण जायला दोनच दिवस उरले होते. दुसऱ्याच सकाळी आठ वाजता आम्ही लष्कर मोहल्ल्यातून निघालो. मेस्त्री स्टिअरिंगवर, अक्का शेजारी, मी मागे. मला मागे बसण्याची परवानगी एका अटीवर होती, तोंड उघडायचं नाही. अक्कांनी एका हातानं दाराची कडी धरली होती आणि दुसऱ्या हातानं मांडीवरची पिशवी. पिशवीत बहिणीसाठी मैसूरपाक. गल्लीतले लोक दारात उभे होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, तशा अक्का खेकसल्या, "त्यांचं लक्ष जाईल, गप्प बसा!"

वेग ताशी तीस, फार तर पस्तीस. मागून बस हॉर्न देत होत्या, सायकलीही घंटी वाजवत होत्या. पहिले दहा किलोमीटर अक्का प्रत्येक खड्ड्याला "अय्यो" म्हणत आणि मेस्त्री प्रत्येक "अय्यो"ला "काय झालं?" म्हणत. पंधराव्या किलोमीटरला अय्यो बंद झालं. नरसीपूरच्या अलीकडे अक्कांचा कडीवरचा हात मांडीवर आला. नदीचा पूल ओलांडला, दोन्ही बाजूंना भाताची शेतं लागली, आणि अक्कांची मान हळूच खिडकीकडे कलली.

मेस्त्रींनी आरशातून माझ्याकडे बघितलं. कुजबुजत विचारलं, "झोपली?"

मी पुढे वाकून बघितलं. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. मी मान हलवली.

त्यानंतर मेस्त्रींचा चेहराच बदलला. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. बोटं नुसती टेकवलेली होती. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ते लांबून ओळखत होते आणि असा चुकवत होते की पिशवीसुद्धा हलत नव्हती. तलकाडचा फाटा आला. पाटी मला स्पष्ट दिसली. जीप सरळ पुढे गेली.

मी अट मोडली. "मेस्त्री, फाटा गेला."

"बघितला," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "वळणावर जागी होईल."

"तिकडे बहीण वाट बघतेय."

"उद्या जाणार आहे ती. आज घरीच आहे."

मी मीटर बघत बसलो. एक, दोन, पाच. मैलाच्या दगडांवर आम्हाला नको असलेल्या गावांची नावं येऊ लागली. फाट्यापासून नऊ किलोमीटर चारशे मीटरवर एक बैलगाडी आडवी आली आणि मेस्त्रींना ब्रेक लावावा लागला. अगदी हळू लावला, तरी अक्कांनी डोळे उघडले. बाहेर बघितलं. पदर सारखा केला.

"तलकाड आलं का री?"

"फाटा जरा मागं राहिला," मेस्त्री म्हणाले.

अक्कांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या हातांकडे. "मग वळवा की," त्या म्हणाल्या. "सावकाश." आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.